करवंट्यांतली मेथी

सोम. २ जुलै १९५६, मुलुंड

शनिवारी बीजारोपण. बालवाडी चालवणाऱ्या आमच्या कमलताईंनी आज जाहीर केलं. मुलांच्या आया येणार, फोटोवाला येणार, पोरं करवंट्यांत मेथी पेरणार. मी लगेच बियांचं विचारलं, तर म्हणाल्या, "तू निवडून ठेव वत्सला. पेरायला मात्र मी बसेन मुलांबरोबर. तू त्या दिवशी आत थांब. कुणाला शी-शू लागली तर हवं ना कुणीतरी."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी आवाज उतरवला. "माझा विश्वास नाही गं असल्या गोष्टींवर. पण आयांचं मन सांभाळावं लागतं. पहिलं बी सवाष्णीच्या हातचं असलं की बरं."

मी "बरं" म्हटलं आणि पोरांची नाकं पुसायला गेले. आता हातातली पेन्सिल मोडेल इतकी दाबून लिहितेय. यापुढे वहीत नुसतं क. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.

मंगळ. ३ जुलै

करवंट्यांची कल्पना कुणाची? माझी. गेल्या पावसाळ्यात घरोघर फिरून कुणी जमवल्या? मी. पोरांना बी भिजवायला, माती चाळायला, पाणी शिंपडायला कुणी शिकवलं? तेव्हा क. दादरला भाषणं देत फिरत होती, 'बालक आणि निसर्ग'. माझ्याच करवंट्या भाषणात सांगून आली आणि टाळ्या घेऊन आली. ते मी गिळलं.

गेल्या वर्षी माझ्या हातची मेथी अशी तरारून आली की पोरं जेवणात मागायला लागली. हे पौषात गेले. हात तोच आहे. फक्त बांगड्या नाहीत.

पोरांबरोबर मातीत बसणं एवढं एकच मला उरलं होतं. तेही काढून घेतलं. शिक्षिकेची आया केली.

बुध. ४ जुलै

मेथी निवडायला घेतली. गंमत बघा, निवडायला माझा हात चालतो, पेरायला नाही.

निवडता निवडता डोक्यात आलं. लिहू का नको? लिहिते. वही माझी आहे.

गुरु. ५ जुलै

भाजली.

मंद आचेवर, लोणच्याच्या मसाल्याला भाजतो त्याच्या अर्ध्यावर उतरवली. रंग पालटू दिला नाही. पण बी मेलं. वासाचं भय होतं म्हणून चुलीतल्या राखेत घोळवली. बियाणं राखेत ठेवायची पद्धतच आहे, कुणाला काही वाटणार नाही.

सासूबाई दारात येऊन उभ्या. त्यांचं नाक मांजराचं. "गो, मेथी कित्याक भाजतंस? लोणच्याचो हंगाम कधीच सरलो."

म्हटलं, "मेथकूट करतेय."

"मेथकुटाक फक्त मेथी?" एवढंच बोलल्या आणि जपमाळ घेऊन बसल्या. त्यांना सगळं कळतं. विचारत नाहीत हे त्याहून वाईट.

उगवू दे आता सवाष्णीच्या हातचं! कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून बसेल सगळ्यांसमोर, आणि करवंट्या कोरड्या ठणठणीत. तिचं नाक कापलेलं मला पाहायचंय. बस्स.

शनि. ७ जुलै

झाला समारंभ. क. हिरव्या इरकलीत. आया सगळ्या नटून. मी आतल्या खोलीत खिडकीच्या गजांशी. माझ्याकडे कुणी आलं नाही, एकालाही शू लागली नाही! पोरं कशी हलतील, मातीत हात होते सगळ्यांचे.

छबी म्हणून एक आहे आमच्याकडे, चार वर्षांची, सदा बडबड. तिनं मूठभर बी एकाच खड्ड्यात कोंबलं आणि वर "गाई गाई" म्हणून थोपटलं. आया हसल्या. क.नं फोटोत तिलाच जवळ घेतलं.

मला हसू आलं ते वेगळंच. तोंडावर पदर धरला. खिडकीतून पाहणाऱ्यांना वाटलं असेल, बिचारी रडतेय.

सोम. ९ जुलै

अजून कुठं काय? पण पोरांनी रविवारभर जीव टांगला होता. आल्या आल्या व्हरांड्यात पळाली. काही नाही. क. म्हणाली, "निसर्गाला घाई चालत नाही, बाळांनो." बोलाची कढी!

बुध. ११ जुलै

आज फुटायलाच हवं होतं. क. एकेक करवंटी डोळ्यांशी नेऊन बघत होती. चेहरा उतरला होता. मी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, "पाणी जास्त झालं का हो ताई?" काय बरं वाटलं म्हणून सांगू. किती महिन्यांनी पोट भरल्यासारखं वाटलं.

छबी करवंटीशी उकिडवी बसून सांगत होती, "उठ ना गं, सकाळ झाली." तिथून मी उठले. पोरांचा काय दोष? वड्याचं तेल वांग्यावर निघतंय, कळतं मला. पण राग उतरत नाही, त्याला मी काय करू.

गुरु. १२ जुलै

दुपारी आया न्यायला आल्या. व्हरांड्यात करवंट्या बघून कुजबुज. शेवटी छबीच्या आईनं विचारलंच, "एकाचंही उगवलं नाही, असं कसं हो ताई?"

क. काय म्हणाली असेल? "बी वत्सलानं निवडलं होतं. मी नुसतं पेरलं."

करून सवरून नामानिराळी. पण पुढचं तिच्याही ध्यानात आलं नसेल, माझ्या तर नव्हतंच आलं. सगळ्या आयांनी एकदम माझ्या कपाळाकडे पाहिलं.

छबीची आई हळू बोलली, पण मला ऐकू येईल इतपतच हळू. "मग तरीच. तिचा हात लागला होता ना बियांना."

घरी कशी आले आठवत नाही. करायला गेले काय आणि झालं काय! तिचं नाक कापायला निघाले होते, माझंच गेलं. आता माझा हात खरोखरच अपशकुनी ठरला, आणि तो मीच ठरवून दिला. माझ्या तव्यावर.

शुक्र. १३ जुलै

आज छबीनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पेला पुढे केला तर हात मागे लपवले. "आई म्हणाली, बाईंचं नको."

आणखी दोघांनी तेच केलं. तहानलेली पोरं क.कडे पळाली.

सांगून टाकावं एकेकीला धरून. बायांनो, हाताचा काही दोष नाही, मी भाजून दिलं होतं! मग? मग अपशकुनी नाही, नुसती बदमाश. त्यातलं कुठलं बरं? आज खरंच ठरवता येईना.

सासूबाईंना सांगितलं सगळं. त्यांनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माका पण असाच उभा केलेला, दिराच्या लग्नात. न्हाणीच्या भिंतीआड. मी भाजूक काय नाय, पण मनात सगळ्यांका भाजलंय."

पहिल्यांदा आम्ही दोघी एका ताटात जेवलो.

शनि. १४ जुलै

सुटी झाल्यावर क.नं आत बोलावलं. टेबलावर एका करवंटीतली माती उपसलेली, बिया वेगळ्या काढलेल्या. एक तिनं माझ्यासमोर दाताखाली चावली. कडकन वाजली. आठवडाभर ओल्या मातीत राहिलेलं बी असं वाजत नाही, पण उपसलेल्या बिया तिनं आधी वाळवल्या असाव्यात. मुद्दाम.

"भाजलेली आहे."

मी नाही म्हटलं नाही.

"मी कुणाला बोलणार नाही," क. म्हणाली. "पण यापुढे बागेचं, बियांचं नाव काढायचं नाहीस. पोरांचं खाणं, शी-शू, झोपवणं, तेवढं कर. नाहीतर नोकरी जाईल, आणि दुसरीकडे कुठे मिळणार नाही याची व्यवस्था मी करीन."

म्हणजे मी जन्मभर अपशकुनी राहायचं आणि तिनं उदार व्हायचं. डोक्यात तिडीक गेली.

म्हटलं, "सोमवारी मी पेरणार. चांगलं बी. सगळ्या आयांसमोर, माझ्या हातानं."

"मग मला सांगावं लागेल पहिलं कुणी भाजलं."

"सांगा की. आणि का भाजलं तेही सांगा. दादरला भाषणात रूढींवर कोरडे ओढता ना तुम्ही? मला आत कुणी बसवलं, तेही सांगा त्याच व्यासपीठावर उभ्या राहून."

क.चा रंग गेला. कुंकू तेवढं दिसत होतं. तोंडातलं बी तिनं थुंकलं नाही, गिळलं.

हे मात्र मी विसरणार नाही. मेले तरी.

सोम. १६ जुलै

पेरलं.

आया आल्या होत्या, सहा-सातजणी असतील. मी मातीत बसले तशा तिघी-चौघी आपापली पोरं आणि करवंट्या उचलून निघाल्या. निरोप नाही, काही नाही. बाकीच्या खांबाशी उभ्या राहिल्या. पायऱ्यांशी क. उभी, हाताची घडी. ना हो म्हणाली, ना नाही.

छबीची आई तिला ओढत होती. छबीनं करवंटी पोटाशी धरली आणि असं भोकाड पसरलं की गल्लीतली माणसं डोकावली. शेवटी आईनं हात सोडला. छबी नाक ओढत माझ्यासमोर येऊन बसली. मी तिच्या तळव्यावर बी ठेवलं. चांगलं, फुगलेलं, रात्रभर भिजवलेलं. तिनं एकेक करून घातलं, या वेळी कोंबलं नाही.

मग मान वर करून मोठ्यानं विचारलं, "बाई, आधीचं का नाही उठलं?"

आया ऐकत होत्या. मी क.कडे पाहिलं. क.नं माझ्याकडे. तिला वाटलं मी सांगेन, मला वाटलं ती सांगेल. दोघींनी तोंडं मिटून घेतली. एकमेकींचा एवढा राग, आणि त्या घटकेला अगदी एका माळेचे मणी दोघी.

मी म्हटलं, "माती लाव वरून."

छबीनं माती लावली, पण नजर काही हलवली नाही. उद्या परत विचारील. क.लाही विचारील, मलाही. ती पोर विसरणाऱ्यातली नाही.