विद्याधरची फुली

मुलुंड,
रविवार, १६ मार्च १९८६

चि. वनमाला हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आईच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. तिला विहिरीवर जाऊ देऊ नकोस. तुझ्या कुंदावहिनीचा खोकला गेला. सोसायटीत पाण्याची बोंब आहे, बाकी ठीक.

सवयीनं मी आधी 'चि. सौ.' लिहून गेलो होतो. तो कागद फाडून हा घेतला.

तू लिहिलंस की विद्याधरचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवलास. दुसऱ्यांच्या गाड्यांची काळजी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोक्याची काळजी घेता आली नाही, याचा तुला राग येतो. हे वाचल्यापासून पत्र लिहायचं म्हणतोय आणि टाळतोय.

आमचं काम मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आता लोक पेट्रोलची अँबेसेडर, फियाट घेऊन येतात आणि डिझेल इंजिन बसवून मागतात. इंजिन भंगारातून येतं, कधी टेम्पोचं, कधी जपानी. त्याच्या पुढच्या टोकाला डँपर पुली लागते. आत लोखंडी तुकडा, बाहेर जड कडं, आणि दोघांच्या मध्ये रबर. इंजिनाचे हादरे ते रबर खातं. बाजारात मिळते ती पुली भलत्याच इंजिनाची असते. मग मी लेथवर तिचं भोक मोठं करतो, आत बुशची नळी ठोकतो, चावीची खाच पाडतो. भोक जरा जरी बाजूला गेलं तरी पुली डुगडुगते. म्हणून प्रत्येक पुली विद्याधर डायलवर फिरवून बघायचा. काटा हलला की खडूनं फुली मारायचा. त्याची फुली तुला माहीत आहे, घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याची मारायचा तीच. एक पाय लांब, आणि त्याच्या टोकाला आकड्यासारखा बाक.

तो गेल्यावर महिनाभर गाळा बंद होता. उघडला तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या खडूचा डबा कचऱ्यात टाकला. बघवत नव्हता.

जानेवारीत एका सकाळी कुलूप काढलं, तर आदल्या दिवशी केलेल्या पुलीवर फुली होती. लांब पायाची, आकड्याची. वाटलं, जुनी पुली हाताला लागली असेल. डायलवर लावली. काटा बारा थाऊ हलला, म्हणजे चार केसांच्या जाडीइतका. ती फेकून दिली.

पुढच्या आठवड्यात परत तेच. मग मी कुलूप बदललं. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. तरी फुली यायचीच. आणि वनमाला, ती कधी चुकली नाही. चांगल्या पुलीवर कधी आली नाही. माझा हात कापायला लागलाय हे मला कळायच्या आधी तिला कळायचं.

शेजारच्या गाळ्यातला रतन टर्नर मस्करी करतोय असं वाटून मी त्याला स्पष्ट विचारलं. तो हसला. म्हणाला, बसून बघू या. गेल्या महिन्यात एका दुपारी आम्ही चार पुल्या टेबलावर मांडल्या. त्यातली एक मी मुद्दाम वाकडी कापली होती, कुठली ते रतनला सांगितलं नव्हतं. शटर खाली ओढलं आणि समोरच स्टुलांवर चहा घेत बसलो. आतून काही आवाज नाही. अर्ध्या तासानं शटर वर केलं. वाकड्या पुलीवर फुली होती. खडूची भुकटी उन्हाच्या तिरिपेत अजून खाली बसत होती. आणि डायल टेबलाच्या टोकाला नुसता उभा होता, त्याला कोणी शिवलं नव्हतं, तरी त्याचा काटा थरथरत होता. रतननं कप तिथंच ठेवला. त्यानंतर तो माझ्या गाळ्यात आलेला नाही, रस्त्यात भेटला तर मान खाली घालून जातो.

मला भीती वाटत नव्हती, असं सांगितलं तर खोटं होईल. पण थोडं बरंही वाटायचं. तो रागावून आला नाही, कामाला आलाय, अशी मी मनाची समजूत काढली होती.

मग गेल्या सोमवारची फुली आली. ती अर्धी पुसलेली होती. अंगठ्यानं. पुसल्याच्या जागी तेलकट ठसा होता, आणि ठशात मधोमध आडवी चीर. माझ्या उजव्या अंगठ्यावर लेथनं पाडलेली चीर तुला ठाऊक आहे. लहानपणी तू तिच्यावर हळद भरली होतीस.

आता लिहितो.

त्या दिवशी नंदकिशोर शेठची अँबेसेडर द्यायची होती. त्यांना मुलीच्या लग्नासाठी संध्याकाळी नाशिकला निघायचं होतं, आणि मी शब्द देऊन बसलो होतो. विद्याधरनं पुली बघितली, फुली मारली आणि गॅस्केट आणायला गेला. जाताना सांगून गेला, ही नको, दुसरी कर. दुसरी करायला दोन तास लागले असते. मी अंगठ्यानं फुली पुसली आणि तीच बसवली. एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं वाटलं.

तो परत आला. बॉनेटखाली डोकावून त्यानं विचारलं, "दुसरी बसवलीस ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं परत तपासली नाही. माझ्यावर भरवसा होता. मी इंजिन चालू केलं. तो नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून ऐकायला वाकला. मला वाढवायला सांगितलं, मी रेस वाढवली. रबर फाटलं आणि बाहेरचं कडं सुटलं. पुढचं तुला माहीत आहे.

पंचनाम्यात लिहिलं की पुली तपासणं मयताचं काम होतं, त्याच्याच हलगर्जीपणानं झालं. मी खाली सही केली. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लोक तेच बोलले, तू तेच मानलंस, आणि मी तुझ्या शेजारी बसून मान हलवत होतो.

काल भांडुपला तुझ्या सासऱ्यांकडे गेलो. गुणाजीभाऊ ओट्यावर एकटेच होते. चाळीस वर्षं मिलमध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस, मुलाच्या चुकीचं ऐकल्यापासून जुन्या सोबत्यांत जाऊन बसत नाहीत. मी सगळं सांगितलं. पुष्कळ वेळ ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मारतील असं वाटलं, मारायला हवं होतं.

"म्हणजे माझो झील चुकलो नव्हतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "माका सांगून काय उपयोग? तिका लिही."

आज सकाळी गाळा उघडला. शुक्रवारी एक पुली करून ठेवली होती. तिच्यावर काही नव्हतं. उजेडात नेऊन सगळीकडून फिरवून बघितली, कोरी होती. मला हायसं वाटलं. मग डायलवर लावली. काटा वीस थाऊ हलला, इतकी वाकडी मी आजवर केलेली नाही.

आता कोणी सांगणार नाही, वनमाला. अर्धा तास मी ती पुली मांडीवर घेऊन बसलो होतो. मग लेथचा पट्टा उतरवून ठेवला. हातातली कामं दुसऱ्या टर्नरकडे देतो.

उद्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. कुंदाला सांगितलंय. आईला तू सांग किंवा नको सांगू, तुझ्यावर आहे. तू आलीस तर स्टेशनवर येईन, नाही आलीस तर का म्हणून विचारणार नाही.

त्यानं त्या दिवशी बरोबर तपासलं होतं. फोटो बाहेर काढ.

खाली नेहमी 'तुझा दादा' लिहितो. ते आता तू ठरव.

दशरथ