बाबा उन्हात काय बोलले

१९ मे, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘आम्ही इकडे खुशाल’ असं लिहायचं असतं, पण ते कितपत खरं आहे हे माझं मलाच ठरवता येत नाही. बाबा बरे आहेत, म्हणजे दवाखान्यातून घरी आले आहेत. गेल्या वर्षी तू मुलीचा फोटो पाठवलास, त्या पाकिटावरून पत्ता घेतला. तेव्हा उत्तर दिलं नाही, त्याबद्दल आता काय बोलू. फोन करणार होतो, दोनदा हातात घेतला. पण तू मध्येच काही विचारलंस तर मी गडबडेन, म्हणून लिहितो आहे.

यंदा ऊन नुसतं भाजून काढतंय. आपली खोली वरच्या मजल्यावरची, डोक्यावर पत्रे. दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. कामावर निघताना मी बाबांना रोज बजावायचो, तहान नसली तरी पाणी प्या, दुपारी खाली काकूंकडे जाऊन बसा, तिथं गारवा असतो. (काकू म्हणजे तळमजल्यावर शिवणकाम करतात त्या. तू गेल्यावर राहायला आल्या.) बाबा हो म्हणायचे आणि खिडकी लावून घड्याळं उघडून बसायचे. वाऱ्याने बारके स्क्रू उडतात म्हणे. ऐंशीला टेकले, पण गिऱ्हाईक सोडवत नाही.

मंगळवारी सकाळीच वीज गेली. छापखान्यातली यंत्रं थंड, माणसं गरम. मालकाने बारालाच सोडलं. घरी आलो तर बाबा जमिनीवर, भिंतीला टेकून बसलेले. चेहरा लालबुंद. माझ्याकडे बघून हसले. आपले बाबा हसले, ताई. मला तिथंच कळायला हवं होतं.

“थोरली आली का?” त्यांनी विचारलं.

“बाबा, मी आहे.”

“तिला बोलाव. घड्याळ मीच मागं केलं होतं. अर्धा तास. गाडी चुकावी म्हणून. पोरगी खरं बोलत होती.”

मग जरा दम खाऊन म्हणाले, “तुझी आई मघापासून कपाटावर बसली आहे. तिला उतरव, पडेल.”

आईला जाऊन पंधरा वर्षं झाली. आता तूच सांग, यातलं कुठलं वाक्य धरायचं आणि कुठलं सोडायचं?

थोड्या वेळाने काकू वर आल्या. बाबांच्या कपाळाला हात लावला आणि माझ्यावरच उखडल्या. “अरे, अंग तव्यासारखं तापलंय, घामाचा टिपूस नाही, आणि तू बसलायस काय?” मी पाण्याचा पेला उचलला तर तो हिसकावून घेतला. “शुद्ध नाही धड, ठसका लागेल. पाणी अंगावर ओत.” त्यांनी सदरा काढला, चादर भिजवून गुंडाळली, मानेखाली आणि काखेत ओले कपडे ठेवले आणि मला पुठ्ठ्याने वारा घालायला लावलं. अ‍ॅम्ब्युलन्सही त्यांनीच बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “असंबद्ध बोलायला कधी लागले?”

“अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली त्याच्या पाचेक मिनिटं आधी,” मी म्हणालो.

बाबा चार दिवस तिथं होते. मूत्रपिंडांना धक्का बसला आहे, सुधारेल म्हणतात. हात मात्र थरथरतात. चिमटा धरता येत नाही. घड्याळं परत द्यायला मीच घरोघर फिरतो आहे.

पाच मिनिटं नव्हती, ताई. चांगला अर्धा तास असेल, जास्तही असेल. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो होतो. “मग पुढं काय झालं, बाबा?” असं विचारत होतो. ते कधी तुझ्याबद्दल बोलायचे, कधी आईशी, कधी भलत्याच कुणाशी. मला वाटलं, म्हातारपणी मन मऊ झालं असेल. ते थांबू नयेत असं वाटत होतं. तुझा नंबर लावून त्यांच्या तोंडाशी फोन धरावा म्हणून नंबर शोधत बसलो, पण पाणी आणायला उठलो नाही. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, अंग एवढं तापलं की मेंदू भरकटतो, माणूस काहीही बोलतो. पण असं बोलू लागला की क्षणभरही थांबायचं नसतं. मी मान डोलावली. मान डोलवायला मी पहिल्यापासून हुशार.

गाडी चुकून तुझी नोकरी गेली त्या दिवशीही डोलावलीच होती. घड्याळ कुणीतरी मागं केलं असं तू सांगितलंस आणि बाबा सगळ्यांसमोर तुला खोटारडी म्हणाले तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. अकरा वर्षं मी हेच धरून बसलो की तू झोपून राहिलीस आणि खापर त्यांच्यावर फोडलंस.

घरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी धीर करून विचारलंच. “बाबा, ताईची गाडी चुकली, त्या दिवशी घड्याळ तुम्ही मागं केलं होतं?”

ते छताकडे बघत म्हणाले, “कोण म्हणालं?”

“तुम्हीच. मंगळवारी.”

“तापात बोललो असेन. आणखी काय बोललो?”

“आई कपाटावर बसली आहे म्हणालात.”

“मग झालं तर,” म्हणाले आणि कुशीवर वळले. मला वाटलं, संपलं. पाठमोरेच असताना त्यांनी विचारलं, “तिच्याकडेही एवढंच ऊन असेल?”

“असेल.”

“दुपारचं बाहेर पडू नको म्हणावं. पोरीलाही पाठवू नकोस म्हणावं.”

पोरीचं त्यांना कुणी सांगितलं? फोटो मी त्यांना दाखवलाच नव्हता, माझ्या कपड्यांखाली ठेवला होता. यावरून घड्याळाचं काही सिद्ध होतं का, मला कळत नाही. तू आलीस तर ते तोंड फिरवतील की जागा करून देतील, तेही सांगता येत नाही. पण हे वाक्य बोलले तेव्हा ताप नव्हता. नर्सने नुकताच मोजला होता, मी मुद्दाम विचारून घेतलं. म्हणून एवढं तरी तुझ्यापर्यंत पोचवतो आहे. बाकीचं खरं काय ते तुला ठाऊकच आहे, आणि ते मी तुला तेव्हा विचारायला हवं होतं.

दुपारचं बाहेर पडू नकोस.

तुझ्या बाजूने उभा न राहिलेला,
तुझा धाकटा