खाट एक, पाळ्या दोन

बेटेगाव,
१२ जानेवारी १९९४

प्रिय आनंदा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन चुलीत गेली. सोजर म्हणते, खुशाली कळवा आणि मोकळे व्हा. तिला काय सांगू? असं मोकळं होता आलं असतं, तर चार वर्षं गप्प बसलो असतो का?

तर खुशाली अशी. जमुनाबाईची खोली अजून माझ्याकडेच आहे. सोजर आणि पोरं आल्यावर मागची पडवीही घेतली. आपली खाट तीच, काथ्या तेवढा दोनदा बदलला. तीन वर्षं आपण दोघं त्या एका खाटेवर झोपलो, पण एकाच वेळी कधी नाही. मुकादमाच्या हातापाया पडून उलट्या पाळ्या लावून घेतल्या होत्या ना! तू रातपाळीहून यायचास तेव्हा मी डबा घेऊन निघालेलो. सुट्ट्याही वेगळ्या, तुझी मंगळवारी, माझी शुक्रवारी; सुट्टीचा दिवस मी बाजारात काढायचो आणि सुट्टीची रात्र तू देवळात भजनाला. उशीला तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास यायचा आणि मी तुला शिव्या घालत झोपायचो. त्या दिवसांत झोप मात्र चांगली लागायची.

आता गंमत ऐक. तुझं दुखणं मला लागलंय. दिवाळीपासून बसल्या जागी पेंगतो. कँटीनमध्ये हातात घास धरून झोपलो, पोरं हसली. सकाळी उठावं तर डोकं जड, जसा काही रात्रभर वीटभट्टीवर राबलोय. सोजर म्हणाली, "अवं, तुमी घोरता घोरता मधीच श्वास घ्यायचं इसरता. हलवलं की दचकून घेता." मी तिला वेड्यात काढलं. शेवटी तिनंच मला पालघरच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. तो म्हणाला, झोपेत गळ्याची वाट मिटते, श्वास अडतो, जीव घाबरा होऊन शरीर जागं होतं. रात्रीतून शेकडो वेळा. आपल्याला सकाळी काहीच आठवत नाही, म्हणून माणूस दिवसा पेंगतो. आळशी नसतो तो, आनंदा. हे वाक्य त्यानं सहज उच्चारलं आणि मला तू आठवलास.

तेव्हापासून घरात सोजरचं राज्य आहे. तिला हुकूम सोडायला निमित्तच हवं होतं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आल्या. जेवण दिवेलागणीला. जिव्याची ताडी बंद, तो बिचारा रोज दारावरून विचारून जातो, "शेठ, आज पण नाय?" पोट कमी करायचं म्हणून रोज स्टेशनापर्यंत चालत जाऊन येतो. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बनियन. तिनं पाठीवर खिसा शिवून त्यात पोरीचा रबरी चेंडू घातलाय. उताणा झालो की चेंडू टोचतो आणि मी मुकाट कुशीवर वळतो. हसू नकोस, फरक पडतो. तरी डॉक्टरनं बजावलंय, एवढ्यावर भागेलच असं नाही, मुंबईला जाऊन तपासून घ्यायचंच. पुढच्या शुक्रवारी जातोय.

परवा शिवाजी गावाहून आला. सांगत होता, तू उसाचा ट्रॅक्टर चालवतोस, मागे दोन ट्रॉल्या. कालव्याच्या वळणावर तुझा डोळा लागला आणि शेजारच्यानं स्टेअरिंग ओढलं. तो हसत सांगत होता, मीही हसलो. त्या दिवसापासून चेंडू असो की विटा, मला झोप नाही.

आता लिहितोच. तीन वर्षांत एकच दिवस मी तुला झोपलेला पाहिला. ताप होता म्हणून खाडा केला होता, जमिनीवर चटई टाकून पडलो होतो. तू खाटेवर. घोरणं थांबलं, छाती नुसती उडत होती, तोंड निळसर. मी उठून तुझा खांदा धरणार, एवढ्यात तू हिसका देऊन श्वास घेतलास. जमुनाबाई कुडापलीकडून म्हणाली, "रोजच हाय त्याचं. तुमचा आनंदा निजतो का मरतो, तेच कळत नाय." पुढं महिन्याभरात तू तारेच्या मशीनवर झोपलास, चौकशी बसली. साहेबानं मला विचारलं, याला काही आजार आहे का? मी म्हणालो, नाही साहेब, घरी येऊन छान झोपतो. कायम करायच्या यादीत माझं नाव होतं रे. तुझी बाजू घेतली तर ते खोडतील, अशी भीती वाटली. त्या जबाबाखाली मी सही केली आणि त्यांनी आळशी म्हणून तुला काढलं.

शिवाजी उद्या परत निघालाय, त्याच्याच हाती हे पाठवतोय. गाठोड्यात एक बनियन आहे, खिसा शिवलेलं, चेंडूसकट. डॉक्टरची चिठ्ठी आहे, ती दाखवून आधी तपासून घे. आणि एक कागद आहे. चौकशीत मी काय लपवलं ते त्यात सगळं लिहून खाली सही केली आहे. युनियनकडे ने, कोर्टात ने, माझी नोकरी गेली तरी चालेल. माफी मागायचं तोंड मला नाही. शिव्या घालायला मात्र एकदा इथं ये. पण त्याआधी, आनंदा, त्या ट्रॅक्टरवरून खाली उतर.

तुझाच, तुझ्याच खाटेवर झोपणारा,
खंडेराव