मागल्या पडवीतली चूल

९ जानेवारी
बाय कामाला जायची तो काजूचा कारखाना दिवाळीपासून बंद, आता उघडत नाही हे नक्की. बावीस वर्षं तिथे बसून काजूगरांची सालं काढली तिने. एक पाय पोलिओचा, या वयात दुसरं काम कोण देणार? सकाळी मी गाडी काढतोय तर म्हणाली, येताना गुडघ्याचं तेल हाड रे बाबू. मी म्हटलं, "आता सगळा माज्याकडेच मागतलंस काय गो?" गमतीत म्हटलं. मोठी बहीण आहे, एवढं चालतं. ती हसली नाही. तेल आणायचं राहिलं.

१२ जानेवारी
तेल आणलं. "ठेव थंय," एवढंच. शुभाने सांगितलं, तीन दिवस खोबरेल चोळत होती. बायकोला कळतं, भावाला नाही. ठरवलं, बायला निराधारची पेन्शन करून द्यायची. दर महिन्याला स्वतःचे पैसे, कोणाकडे मागायला नको. हे तिच्यासाठी की माझ्यासाठी, त्यात आज शिरत नाही.

२० जानेवारी
तहसील. अपंगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार जोडलेलं खातं. घोडं अडलं उत्पन्नावर. बायचं नाव आमच्या रेशनकार्डावर, म्हणजे उत्पन्न माझ्या पगारासकट धरणार. हायस्कूलचा क्लार्क त्यांच्या लेखी कुबेर! खिडकीतला माणूस भला. हळूच म्हणाला, कार्ड वेगळं करा, पण चूलही वेगळी दिसली पाहिजे, तलाठी बघायला येतात. आमच्याकडे किती घरांनी असंच केलंय. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

४ फेब्रु.
नाव कमी करायच्या अर्जावर बायची सही घेतली. सातवी शिकलेली, सही सुरेख. विचारते, "माजा नाव हयसून काढून खंय घालतलंस?" म्हटलं, तुझं स्वतःचं कार्ड, तूच मालकीण. चष्मा पुसत बसली.

२५ फेब्रु.
अपंगत्वाचा दाखला झाला. येताना बँकेत आधार जोडायला गेलो. सालं काढून काढून बोटं गुळगुळीत झालीत, मशीन अंगठा घेईना. दहा बोटं झाली, शेवटी डाव्या करंगळीवर भागलं. बाय त्या मशीनवाल्या मुलीची माफी मागत होती. चूक कोणाची, माफी कोण मागतंय.

१६ एप्रिल
उद्या तलाठी मॅडम येणार. मागल्या पडवीत तीन चिरे मांडून चूल केली. नवीकोरी दिसायला नको म्हणून न्हाणीच्या चुलीतली राख आणून घातली, चिऱ्यांना काजळी फासली. एक टोप, तवा, दोन ताटल्या. शुभा म्हणाली, दोन कशाला, एकटी राहते ना ती? बरोबर. एक ताटली परत आत नेली. बाय दारात बसून सगळं बघत होती.
बायचा जबाबही मीच लिहून ठेवलाय, आयत्या वेळी घोटाळा नको. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

१७ एप्रिल
झालं. बायला चुलीपुढे बसवून मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. पंच म्हणून शेजारचे नाना. मग जबाब मोठ्याने वाचला, पंचांसमोर वाचावाच लागतो म्हणे. 'मला भाऊ आहे, परंतु तो माझा सांभाळ करीत नाही. मी स्वतंत्र राहते व स्वतंत्र शिजवून खाते.' माझं अक्षर, माझं वाक्य. कागदावर लिहिताना ठाकठीक वाटलं होतं. नाना आंब्याकडे बघायला लागले, मी चपलांकडे.
मॅडमनी विचारलं, "खरं आहे का हे, आजी?"
घरात बाय कधी ऑफिसातली मराठी बोलत नाही. आज ताठ बसून म्हणाली, "हो. खरं आहे." आणि सही केली.

१८ एप्रिल
रात्री जेवायला हाक मारली तर पडवीत धूर. पेज शिजवून खाल्लीसुद्धा. म्हटलं, बाय, ती चूल नुसती दाखवण्यापुरती गो.
"मी थंय सही केलंय मां रे? मगे खोटा कित्या करू?"
राग नाही, काही नाही. रागावली असती तर भांडता आलं असतं.

५ मे
अजून तसंच. शुभा माशाची कढी नेऊन देते, बाय वाटी घासून परत पाठवते, आणि रिकामी नाही, तीत दोन कोकमं घालून. शेजारी देतात तशी. शुभा ओट्यापाशी रडली. मला म्हणते, तुमच्या अक्षराला आग लागो.

२९ जून
लाकडं ओली, पडवीत धूर कोंडतो, बाय खोकते. मी सुकी लाकडं नेऊन टाकली, तिने हात लावला नाही. दुपारी अंगणात माडाचं चुडत, वाळकी झावळी, पडलं तर शुभाला विचारते, "ह्या घेव काय गो?" तिच्या बापाने लावलेला माड!

१९ जुलै
शुभा आज निकरावर आली. मोडा ती चूल, नको आपल्याला पेन्शन. मी गेलोही पडवीत. एक चिरा उचलला आणि परत ठेवला. प्रकरण अजून मंजूर नाही, पुन्हा चौकशी आली तर? मग सगळं मुसळ केरात. हे शुभाला सांगितलं. आणखी एक मनात आलं ते सांगितलं नाही. पेन्शन गेली की तेल, गोळ्या, चष्मा, परत सगळं माझ्याकडेच. लाज वाटली, पण आलं मनात. स्वतःच्या वहीत तरी खोटं नको.

२७ ऑगस्ट
चतुर्थी. घराचा गणपती एकच. चूल वेगळी झालेले भाऊ आपापला शिधा आणून देवापुढे ठेवतात, मग सगळ्यांचं एकत्र शिजतं, अशी इथली रीत. आरतीच्या आधी बाय पाय ओढत माजघरात आली. सुपात तांदूळ, नारळ, गुळाचा खडा. देवापुढे ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. नाना बघत होते. मला आरतीचे शब्द सुचेनात.
जेवली मात्र आमच्या पंगतीत. शुभाने तीनदा वाढलं. संध्याकाळी पडवीत पुन्हा धूर.

२३ सप्टें.
पेन्शन मंजूर. शाळेत दोघा-तिघांनी अभिनंदन केलं, तुमच्यासारखा भाऊ पाहिजे म्हणाले. मी चहा पाजला त्यांना. काय करणार?
बायला सांगितलं. "बरा झाला," म्हणाली. मग म्हणाली, "तुका लय खेपे पडले रे बाबू." हे मनापासून म्हणाली, तेच सोसत नाही.

३० ऑक्टो.
पहिले पैसे जमा. बाय एकटीच रिक्षाने मालवणला गेली. मी सोडतो म्हटलं तर नको. तेल घेऊन आली, बांगडे घेऊन आली.

२ नोव्हें.
रविवार. दुपारी शुभाला म्हटलं, माझं ताट करू नको, आणि पडवीत जाऊन बायच्या चुलीपाशी बसलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. जबाब मी लिहिला, चुकलो, आत चल. तोंडातून निघालं फक्त, "वाढ गो."
तिने फळीवरून दुसरी ताटली काढली. नवी. दुकानाची चिठ्ठी अजून खाली चिकटलेली. म्हणजे मालवणहून तेल नि बांगडे आणले तेव्हाच ही पण आणली असणार. भात वाढला, बांगड्याचं तिकलं वाढलं, मोठा तुकडा मला. चव आईच्या हातची. मी मान खाली घालून जेवत होतो. आता बोलतो, हा घास संपला की बोलतो, असं चाललं होतं.
बायने आणखी भात घातला आणि सहज विचारलं, पाहुण्याला विचारावं तसं,
"तुमच्यात आज काय रांधलाहा?"
शुभाने सकाळपासून काय केलं होतं, मला आठवेना.