इंधन अधिभार हे कारण नव्हते

आधी जे झाले ते क्रमाने लिहिते. वाटणी त्यानंतर.

१. माझी थोरली बहीण सिंधुअक्का जर्मनीत श्टुटगार्टला राहते. ऑक्टोबरमध्ये तिला मुलगी झाली. आमच्या आईने, म्हणजे अव्वाने, ही नात अजून पाहिलेली नाही.
२. कंपनीच्या कामासाठी केलेल्या विमानप्रवासांमुळे विमान कंपनीकडच्या माझ्या खात्यात बक्षिसाचे मैल साठले आहेत. त्यांवर जाण्यायेण्याचे एक तिकीट निघते. अव्वाचा व्हिसा मार्चमध्ये आला.
३. एप्रिलच्या सुरुवातीला मी अव्वाच्या नावाने तिकीट काढले आणि छापून घेण्यासाठी ते अव्वाजवळ उदगीरला राहणाऱ्या माझ्या भावाला, विरूपाक्षअण्णाला, पाठवले.
४. आठवड्याच्या आत ते रद्द झाले. तिकिटावरचा क्रमांक आणि प्रवाशाचे आडनाव एवढ्यावर ते रद्द करता येते. अण्णाने ते केले. विचारल्यावर नाकारले नाही.
५. अव्वाला त्याने सांगितले की, फुकटच्या तिकिटावर विमान कंपनी एक्केचाळीस हजार रुपये इंधन अधिभार मागते, दानीला, म्हणजे मला, फसवले आहे. अव्वा म्हणाली, "मग नको."
६. मैल माझ्या खात्यात परत आले आहेत.
७. १६ मे रोजी हैदराबादला माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

म्हणून मी, दानेश्वरी गुरुपादप्पा मिटकरी, वय २९, अविवाहित, नोकरी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, मूळ राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हल्ली मुक्काम विष्णुपुरी, नांदेड, बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, रागात परंतु पूर्ण विचारांती हे मृत्युपत्र करते. "रागात" हा शब्द काढा, असे वकिलांनी सुचवले. तो ठेवला आहे. व्यवस्थापक म्हणून मी सिद्धम्मामावशीला नेमते. ती अव्वाची धाकटी बहीण, लातूरला राहणारी निवृत्त मुख्याध्यापिका. ती कोणाला घाबरत नाही.

कलम १. आमचे वडील अप्पा यांच्या मागे उदगीरच्या घरात आम्ही चौघे समान वारस आहोत. माझा चौथा हिस्सा अव्वाला द्यावा. मागच्या नागपंचमीला मी घरी गेले, तेव्हा अण्णाने जेवणाच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र आणि पेन ठेवले होते. मी जेवले. सही केली नाही. माझी सही असलेला असा कागद कोणी पुढे आणल्यास तो खोटा समजावा.

कलम २. बँकेतील शिल्लक व भविष्यनिर्वाह निधी अव्वाला.

कलम ३. त्या घराच्या गच्चीवरील पाण्याची मोठी टाकी मी घेतली आहे. टँकर आला की तिच्यातून खालच्या भाडेकरू मल्लम्माबाईंनाही पाणी मिळावे. गेल्या महिन्यात अण्णाने टाकीच्या नळाला कुलूप लावले. लातूरला रेल्वेने पाणी येत असताना ज्याला आपल्याच भाडेकरूला दोन घागरी देववत नाहीत, त्याने नव्या जिल्ह्याच्या भल्याची भाषणे करू नयेत. अण्णा उदगीर जिल्हा व्हावा म्हणून स्थापन झालेल्या एका समितीचा सचिव आहे. कुलूप काढावे. टाकी अव्वाची.

कलम ४. माझा मल्टिमीटर, सोल्डरिंगचा संच आणि हत्यारांची पेटी अक्काचे पती सुगत गजभारे यांना. भावोजी मूळचे उमरीचे. विष्णुपुरीच्या कॉलेजात ते अक्काच्या वर्गात होते. लग्नानंतर ते एकदाच आमच्या घरी आले. सर्वांना कपबशीत चहा आला, त्यांना कागदी कपात. अण्णाने तो स्वतः आणून दिला. भावोजींनी चहा पिऊन कप घडी करून खिशात ठेवला आणि अव्वाला नमस्कार केला. ते बौद्ध आहेत, एवढाच त्यांचा दोष. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग बांधणारे, जात न मानण्याची शिकवण घरात ऐकत वाढलेले. हे मी विसरलेले नाही आणि कोणी विसरावे अशी इच्छाही नाही.

कलम ५. मला आपल्या रीतीप्रमाणे इष्टलिंगासह पुरावे. अक्का व भावोजी पोचले तर पहिली माती त्यांनी द्यावी. समितीचा फलक आणू नये.

कलम ६. मैल. विमान कंपनीच्या अटींप्रमाणे खातेदार वारला की ते रद्द होतात, वारसांना मिळत नाहीत. वकील म्हणाले, "म्याडम, तुमच्या मागं जे राहतच न्हाई, ते लिहून काय फायदा?" म्हणूनच हे कलम मी जिवंत असताना अमलात यायचे आहे.

अण्णाने अव्वाला दाखवलेला एक्केचाळीस हजारांचा आकडा खरा आहे. पण तो माझ्या तिकिटाचा नव्हे. दोन तिकिटे शक्य होती. पहिल्याला मैल कमी लागतात आणि अधिभार भरमसाट. मैल न वापरता रोखीने तिकीट घेतले तरी जेमतेम तेवढेच पैसे पडतात, म्हणजे मैल जवळजवळ वाया जातात. दुसरे भागीदार कंपनीचे. मैल थोडे जास्त, मध्ये एक थांबा, आणि वर नऊ हजारांच्या आसपास, तेही बहुतेक विमानतळांचे कर. मी दुसरे काढले होते. अण्णाने अव्वापुढे पहिले धरले.

पहिल्या कंपनीबद्दलही लिहून ठेवते. दोन वर्षांत कच्चे तेल निम्म्याहून स्वस्त झाले. तिचा अधिभार उतरलेला मला दिसला नाही. जो तेलासोबत चढतो आणि तेलासोबत उतरत नाही, त्याला इंधनाचे नाव देणे ही लबाडी आहे. भाड्याचाच एक भाग बाजूला काढून त्याला वेगळे नाव द्यायचे, आणि उरलेल्याला फुकट म्हणायचे.

मी अण्णाला फोन केला.

"अण्णा, तू दाखवलास तो आकडा दुसऱ्या विमानाचा आहे."

"तुझं विमान काय रॉकेलवर चालतंय का गं?"

"जवळजवळ रॉकेलच असतं. तिकीट का रद्द केलंस?"

"दानी, हितं आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई. अन् सचिवाची आई विमानात बसून चालली, म्हणून लोकं हसून राहिले असते."

"दिवाळीत तू समितीच्या लोकांना घेऊन विमानानं दिल्लीला गेलास. तेव्हा नळाला पाणी होतं?"

"ते जिल्ह्याचं काम होतं. अन् अव्वानं जायचं कुणाच्या घरी? त्या उमरीच्या..."

वाक्य त्याने तोडले. मग दुसरीकडून धरले.

"अव्वा तिथं जेवून आली, की उद्या माझ्या पोरींची लग्नं कोण करील? तू करशील?"

कारण हे होते. ते त्याने अव्वाच्या तोंडावर सांगावे. त्याच्या पोरींच्या नावाने सांगावे, तेलाच्या नावाने नव्हे.

कलम ७. हे कलम अव्वासाठी. सिद्धम्मामावशीने उदगीरला जाऊन तिच्या हातात द्यावे, आणि ती वाचत असताना अण्णाने खोलीत थांबू नये.

अव्वा, त्याच भागीदार कंपनीच्या विमानात ११ जूनला जागा आहे. मैल पुरतात. वरचे पैसे मी भरते. थांब्यावर चाकाच्या खुर्चीची सोय मागून ठेवीन, भाषेची अडचण येणार नाही. श्टुटगार्टला अक्का आणि भावोजी घ्यायला येतील. तू त्यांच्या घरी उतरशील, त्यांच्या ताटात जेवशील. हे कळून उत्तर दे. जायचे नसेल तर नाही म्हण, मी वाद घालणार नाही. फक्त अधिभार जास्त आहे म्हणून नाही, असे म्हणू नकोस.

१५ तारखेला मी दवाखान्यात दाखल होते. त्याआधी तिकीट निघायला हवे. तुझे उत्तर मला गुरुवार, १२ मेपर्यंत कळव. मावशीच्या फोनवरून, तुझ्या तोंडाने.

स्थळ : नांदेड
दिनांक : ३ मे २०१६

(सही) दानेश्वरी गुरुपादप्पा मिटकरी

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी वाचून सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या.

साक्षीदार :
१. (सही) नरसिंग व्यंकटराव पांपटवार, घरमालक, विष्णुपुरी
२. (सही) भामाबाई किशनराव एडके, परिचारिका, नांदेड