कचरापेटीतला आवाज

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसूनच वाच. तुझ्या डोंगरावर फोन लागत नाही आणि हवामान केंद्रातलं ते यंत्र फक्त पाऊस-वाऱ्याचे आकडे पाठवतं, म्हणून लिहितेय. बाबांचा आवाज माझ्या हातून गेला.

स्वरयंत्र काढावं लागणार हे कळल्यावर बाबांनी महिनाभर कॉम्प्युटरसमोर बसून आपल्या आवाजात वाक्यं भरून ठेवली होती. घरी आलं की बटण दाबायचं आणि आईशी बोलायचं. तिला दिसत नाही, मग लिहून दाखवणार कुणाला? सगळं होतं त्यात. तुला द्यायचे आशीर्वाद होते, आणि ज्यावरून दोघं जन्मभर भांडली ते ‘गॅस बंद केलास का गं?’ सुद्धा होतं.

ऑपरेशन काल नीट झालं. घरी येऊन बघते तर एकही वाक्य नाही. दवाखान्यात बाबांना विचारलं, तर त्यांनी कागदावर ऐटीत लिहिलं की कॉम्प्युटरच्या कचरापेटीत ठेवलीत, तिथे कोण हात घालतोय! आईच्या बांगड्या चिंध्यांच्या बोचक्यात लपवणारा माणूस, दुसरं काय करणार? आणि तू लिहिलं होतंस की मशीन मंद चालत असेल तर दर रविवारी कचरापेटी रिकामी करत जा. ओट्यावर खरकटा चमचा न ठेवणारी मी, मी ती न चुकता रिकामी केली.

बाबांना सांगायचा धीर होत नाही. मी शोधणं थांबवलेलं नाही, पण काय करू ते लगेच कळव. या वेळी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
खारू

ता. ९ मार्च

चि. खारूताईस,
अ. आ.

आधी कॉम्प्युटर बंद कर, वायर भिंतीतून काढ, मग पुढचं वाच.

कचरापेटी रिकामी केली म्हणून आवाज लगेच पुसला जात नाही. खोलीच्या दारावरचं नाव काढलं तरी माणूस आत असतोच, तसं. पण नवा भाडेकरू सामान घेऊन आला की जुन्याला उठवतात. म्हणून त्या मशीनवर फोटो, गाणी, काही म्हणजे काही टाकायचं नाही. हरवलेलं शोधून देणारा प्रोग्रॅमसुद्धा त्यावर उतरवायचा नाही. सरळ दुरुस्तीवाल्याकडे ने. तो डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडेल आणि सापडेल ते पेनड्राइव्हवर घेईल.

रिकामी करण्याआधी आत डोकावून बघ, एवढं एक वाक्य लिहायला मी विसरलो. ते मला जेवू देत नाही. तू एकटीने सगळं अंगावर घेऊ नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

तुमच्यात जीव अडकलेला,
दादा

ता. १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. भाडेकरू मीच आणले रे. शोधून देतो म्हणणारे जेवढे प्रोग्रॅम दिसले तेवढे त्याच मशीनवर उतरवले. एक चालेना म्हणून दुसरा, दुसरा चालेना म्हणून तिसरा. दुरुस्तीवाला म्हणाला की बघतो, पण आशा धरू नका.

बाबा घरी आलेत. आई त्यांच्या पलंगाशी बसून विचारते की पाणी हवं का, उशी उंच करू का. ते तिचा हात दाबतात. ती म्हणते की हात काय, कुणीही दाबेल. काल तिने मला बाजूला घेऊन विचारलं की हे खरंच खोलीत आहेत ना.

टाइप केलेलं वाचून दाखवणारा फोन शेजारणीने आणून दिला. बाबांनी टाइप केलं आणि कुणी परकी बाईच बोलली. आमच्यात ही कोण, असं विचारून आईने तो बंद करायला लावला. बाबा हसले, आवाजाविना, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यांना मी सांगितलं. त्यांनी कागदावर लिहिलं की चूक माझी, मग कागद उपडा ठेवला. तेव्हापासून ते लिहीतही नाहीत. दादा, मी काय करू रे? रागाव, पण लिहीत राहा.

तुझी,
खारू

ता. २१ मार्च

चि. खारूताईस,
अ. आ.

रजा मिळाली, पण दरड कोसळून रस्ता बंद आहे. इथे बसून बाबांचा आवाज आठवायला जातो, तर बसमधल्या गर्दीला पुढे सरकायला सांगणारे कंडक्टर बाबाच आठवतात. घरातले आठवतच नाहीत. भीती वाटते गं.

दुरुस्तीवाल्याला सांग की खोकला सापडला तरी फेकू नकोस. जे मिळेल ते दोन ठिकाणी ठेव. मी चालतही येईन.

तुझाच,
दादा

ता. २९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक सापडलं. बाकी सगळ्यांत नुसती खरखर आहे, तुझे आशीर्वादही गेले. अख्खं आणि स्वच्छ असं फक्त ‘गॅस बंद केलास का गं?’ उरलं. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मी हमसून रडले. इतकं बोलून ठेवलं होतं बाबांनी, आणि राहिलं काय तर कटकट.

घरी येऊन ते शेजारणीच्या त्या फोनवर घेतलं आणि बाबांना बटण दाखवलं. त्यांनी दाबलं. आई डाळ निवडत होती, तिचे हात थांबले. मग ती जुन्याच तोऱ्यात कडाडली की केव्हाच केलाय, किती वेळा विचाराल. आणि पदरात तोंड घालून बसली.

आता ते पाण्यालाही तेच दाबतात, उशीलाही तेच. आईला कळतं. तू सांगितल्याप्रमाणे दोन ठिकाणी ठेवलंय. एक पेनड्राइव्ह कपाटात आहे आणि दुसरा बाबांनी हट्टाने चिंध्यांच्या बोचक्यात बांगड्यांशेजारी ठेवला. मी ते बोचकं आता झटकतही नाही.

काल संध्याकाळी आईने भाजी उतरवली, गॅसचा नॉब चाचपून पक्का बंद केला. आतून बाबांनी विचारलं. आई बोलली नाही. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून मी सांगायला गेले, तर तिने माझं मनगट धरून मला गप्प केलं. ती दाराकडे कान देऊन उभी राहिली. बाबांनी पुन्हा विचारलं.

रस्ता मोकळा झाला की ये. लोभ इथे आहेच.

तुझी,
खारू