शिडाच्या बोटीवरचा तिसरा माणूस

२ जानेवारी
निवड झाली! दातांच्या डॉक्टरांच्या शिडाच्या बोटीवर तिसरा माणूस मी. किनाऱ्याकिनाऱ्याने दहा दिवस, दहा रात्री. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी मला कशासाठी तरी निवडलं. बोट डॉक्टरांची, म्हणून कॅप्टन तेच. चालायचंच. जन्मभर लोकांना आ करायला लावलेला माणूस. संकट आलं की बघणार माझ्याच तोंडाकडे. दुसरा माणूस कोण, तर आमच्या गल्लीतला शिंपी! समुद्रावर हा काय बाह्या आखूड करणार?
संकल्प: रोज पाचला उठणे. दोरीच्या उड्या. चहा बंद.

३ जानेवारी, सकाळी ९.१०
पाचला जाग आली होती. अंधार होता. अंधारात पाय मुरगळला तर मोहीमच बोंबलेल. जबाबदार माणूस असा विचार करतो. चहा एकदम सोडणं शरीराला बरं नाही.

९ जानेवारी
रजेचा अर्ज दिला. कारण: सागरी मोहीम. साहेबांनी विचारलं, बोटीत कधी बसलायत का? म्हटलं, पुस्तकं वाचलीत. हसले. पाण्याच्या बिलांवर शिक्के मारत म्हातारा झालेला माणूस, गाढवाला गुळाची चव काय!
लाटांची सवय कशी करायची ते स्टाफला दाखवलं. फिरती खुर्ची, डोळे बंद, चाळीस गिरक्या. अकराव्या गिरकीला थांबवलं. खुर्चीच एका बाजूला कललेली आहे. दुपारी जेवलो नाही. कॅन्टीनचा भरवसा नाही.

१४ जानेवारी
बोलाइन नावाची गाठ. बोटीवर हिच्याशिवाय पान हलत नाही. पहिल्याच झटक्यात जमली. बाथरूमची कडी कपाटाला बांधून पाहिली. अर्धा तास काही केल्या सुटेना. बायको आत होती. तिने आधी सांगायला नको? शेवटी कात्री.
डॉक्टरांना फोनवर अभिमानाने सांगितलं. तर म्हणाले, बोलाइनची खुबीच ही की कितीही ताण बसला तरी नंतर चटकन सुटते. काही लोकांना नाकाने कांदे सोलायची सवयच असते.

२० जानेवारी
डॉक्टरांनी कागद दिले: स्वतःला काय जमत नाही ते लिहा. मी लिहिलं, निरंक. शिंप्याने दोन्ही बाजू भरल्या! पोहताना लवकर दमतो, अंधारात उजव्या डोळ्याने कमी दिसतं, मोठ्या लाटेची भीती वाटते. वाचून मलाच लाज वाटली. याला कोण नेणार? बायको म्हणते, शिंपी शहाणा आहे. भावाबहिणीसारखं जमतं दोघांचं, फुकटात ब्लाउज नीट करून देतो ना!

२७ जानेवारी
डॉक्टरांची सूचना: एकच मऊ बॅग आणा, कडक सूटकेस नको, बोटीत मावत नाही. सूटकेस भरली. चाकं आहेत.

१ फेब्रुवारी
आज सराव. बंदराबाहेर चार तास. थोडक्यात लिहितो.
कमरेला पट्टा बांधून त्याचा हूक बोटीला अडकवायचा असतो, म्हणजे लाटेने फेकलं तरी माणूस बोटीशीच राहतो. अडकवला. चार पावलं पुढे गेलो तर मागून खडखडत बादली आली. दोघं हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
मग पोटात ढवळलं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, बरं आहे ना? तीनदा म्हटलं, एकदम फर्स्टक्लास. चौथ्यांदा तोंड उघडलं ते वाऱ्याकडे. सुकाणूवर डॉक्टर होते. त्यांचा शर्ट पांढरा होता.
उरलेला वेळ आडवा. शिंपी एका हाताने दोर ओढत होता, दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर पाणी मारत होता, आणि वर ओरडून सांगत होता की त्याला भीती वाटतेय! दोष बायकोच्या नाश्त्याचा.

४ फेब्रुवारी
डॉक्टर घरी आले. मला नेत नाहीत. विचारलं, मग तिसरा कोण? म्हणाले, कुणीच नाही, दोघांत सोपं पडेल. आजारी माणूस चालतो म्हणे, आजारी असून लपवणारा चालत नाही. माझी जागा रिकामी नेणार! जिव्हारी लागलं. इथे लिहितो म्हणून, एरवी कबूल करणार नाही.
पण पुढे म्हणाले, किनाऱ्यावर एक खात्रीचा माणूस लागतो. बोट रोज सहाला फोन करून ठावठिकाणा सांगणार. आठपर्यंत फोन नाही आला तर बचाव पथकाला कळवायचं. दोन जीवांचा प्रश्न. खरं मुख्य पद हेच की! नाव घेतलं नाही, पण बघत माझ्याकडेच होते. बहुधा. नंबर बायकोचा लिहून घेतला. माझा बिझी लागेल म्हणून असणार.
ऑफिसात 'किनाऱ्यावरचा कॅप्टन' असं सांगणार. बायको म्हणाली, पडलो तरी नाक वर.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०
सकाळी निघाले. धक्क्यावर गेलो नाही. कामं होती. खोटं कशाला, बघवलं नसतं.
पाचपासून टेबलावर नकाशा, वही, तीन पेनं मांडून बसलो. सहाला बायकोचा मोबाइल वाजला. मीच झडप घातली. वाऱ्याचा आवाज, शिडाची फडफड, मागे शिंपी गात होता. पदासकट नाव सांगितलं आणि म्हटलं, बोला. डॉक्टर म्हणाले, वहिनींना द्या जरा, त्यांच्याशी ठरलंय.
दिला.
ती हात पुसत आली. उभ्याउभ्या सगळं लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं, सांभाळून जा म्हणाली. पेन माझंच वापरलं. फोन ठेवून मला म्हणाली, दोघं सुखरूप आहेत.
मी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.